वरून खाली

दुकानाचा माणूस ट्रॅक्टरला जोडायची तीन अवजारं घेऊन येणार हे ठरलं होतं, आणि त्यातलं एकच ठेवायचं हेही ठरलं होतं. याखेरीज या घरात ठरलेलं असं काही नव्हतं. आबांनी जाताना ट्रॅक्टर तिघांच्या नावावर केला होता, थोरल्याच्या, मधल्याच्या आणि बारकीच्या. मधला गेल्यावर त्याची जागा त्याच्या बायकोकडे, मधलीकडे आली. ट्रॅक्टरसाठी काहीही घ्यायचं तर तिघांपैकी दोघांनी हो म्हणायला हवं, असा आबांचा नियम. यामुळे भांडणं होणार नाहीत असं त्यांना वाटलं होतं. शेवटच्या दिवसांत माणूस भलताच आशावादी होतो.

अवजार हवं होतं ते घरच्या रस्त्यासाठी. हमरस्त्याला लागून खाली थोरल्याचं घर, त्याची वेल्डिंगची शेड आणि अंगण. तिथून खडीचा रस्ता चढत जातो, मध्ये एक अवघड वळण घेतो आणि वर मधलीच्या दारात संपतो. मधलीच्या घरामागे भट्टी आहे. तिथे ती हॉटेलांसाठी चिनीमातीच्या कप-बश्या करते. गेल्या तीन खेपा त्या रस्त्यावरून हातगाडीने उतरवताना निम्म्या फुटल्या. आता माल घेणाऱ्याने कळवलं होतं की शनिवारी ट्रक भट्टीच्या दाराला लागला तर ठीक, नाहीतर पुढची मागणी दुसरीकडे. मागणी गेली की भट्टी बंद. भट्टी बंद झाली की मधलीने खाली यायचं, थोरल्याने रंग देऊन तयार ठेवलेल्या दोन खोल्यांत.

आणि त्या दोन खोल्यांत तिला मरेपर्यंत पाऊल टाकायचं नव्हतं.

बारकी पंचेचाळिशीची, अंगाने चांगली रुंद, शाळेची बस चालवणारी. पण या घरात ती बारकीच. ती अंगणात बस लावून उतरली तेव्हा थोरला शेडच्या दारात ट्रॅक्टरच्या जुन्या ब्लेडवर पाय ठेवून उभा होता.

"घ्यायचं तर असलंच ब्लेड घेऊ," आलीस का, बरी आहेस का, काही न विचारता तो म्हणाला. "जरा जाड पत्र्याचं. आबांनी यावरच रस्ता राखला."

"आबांच्या वेळी रस्ता होता, दादा. आता वर नुसता ओढा झालाय."

"पावसाने होतं ते."

"पाऊस काय फक्त मधल्या वहिनीच्या दारात पडतो? तुझं अंगण बघ. कॅरम खेळावा इतकं सपाट."

थोरला हसला नाही. "तुला बस चालवता येते म्हणजे रस्त्यातलं सगळं कळतं असं नाही. ती दातवाली पेटी मोठ्या कामाची. हात बसलेला माणूस लागतो तिला, नाहीतर रस्त्याची चाळण होते. दरवर्षी ट्रॅक्टरवर कोण चढतं? मीच ना? मग मला झेपेल ते घ्या."

हे बारकीला पटलं. तिने मनात हिशेब असा केला की दादा साठीला आला, कंबर धरते, तरी वर्षातून दोनदा रस्ता ओढतो. आपण फक्त सल्ले द्यायला येतो. "बरं. ब्लेड तर ब्लेड," ती म्हणाली. "पण शनिवारी ट्रक वर गेला पाहिजे."

"जाईल."

थोरल्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. दोन मतं झाली. आपण वाईट माणूस नाही यावर त्याचा ठाम विश्वास होता. त्या दोन खोल्यांना त्याने स्वतः रंग दिला होता, खिडकीला जाळी बसवली होती. ती एकदा खाली आली की सगळं मिटेल असं त्याला मनापासून वाटे. सगळं म्हणजे काय, ते मात्र तो स्वतःलाही सांगत नसे.

स्वयंपाकघरात थोरल्याची बायको, मोठी, चहा गाळत होती आणि मधली ओट्याला टेकून उभी होती. या दोघी जावा सख्ख्या बहिणींसारख्या वागतात याचं पाहुण्यांना नवल वाटे. मधला गेल्यापासूनची अकरा वर्षं ही थोरली जाऊ आठवड्यातून दोनदा तरी तो चढ चढून वर जात आली होती, कधी डबा घेऊन, कधी नुसतीच. गुडघे दुखायला लागल्यावरही गेली.

"बारकी त्यांच्याच बाजूने बोलतेय," मधली म्हणाली. "खिडकीतून ऐकलं मी. ताई, तू तरी सांग ना त्यांना. नुसत्या ब्लेडने शनिवारपर्यंत काही व्हायचं नाही."

"मला ट्रॅक्टरमधलं काय कळतंय?"

"तुला न कळून कसं चालेल? तू बोललीस तर ते ऐकतात."

मोठीने गाळणी आपटून साफ केली. "आणि समजा नाहीच झालं, तर इतकं काय बिघडलं? खाली ये. दोघी राहू. माझेही गुडघे वाचतील."

"तुला माहीत आहे मी का येत नाही."

मोठीला माहीत होतं. मधला गेला तेव्हा मधली आठवडाभर माहेरी होती. त्याने फोनवर तिला सांगितलं होतं, वळणावर दोन गाड्या निळी खडी टाकलीये, आता तू डोळे मिटून उतर. चौथ्या दिवशी त्याच वळणावर त्याची मोटरसायकल घसरली आणि तो खालच्या दगडांवर गेला. मधली धावत आली तेव्हा वळणावर खडीचा खडा नव्हता, नुसती चिकणमाती. त्याला पोचवून आल्यावर भरल्या घरात थोरला म्हणाला होता, "खडी टाकली, खडी टाकली म्हणून थापा मारत होता. आळसाने गेला माझा भाऊ." तेव्हापासून नातेवाईकांत मधल्याची ओळख तीच राहिली. आळसाने गेला.

मधलीने कपांची ताटली उचलली. मोठी तिच्याकडे न बघता म्हणाली, "साखर कमी घातलीये, त्यांना सांग."

दुकानाचा माणूस किडकिडीत, तोंडात सतत काडी धरलेला आणि स्पष्ट बोलण्याची खोड असलेला होता. त्याने टेम्पोतून तिन्ही अवजारं उतरवून ओळीने मांडली आणि चहा एका घोटात संपवला.

"हे साधं ब्लेड. हे तुमच्याकडे आहेच. दोन्ही बाजू उघड्या, त्यामुळे माल कडेने सांडतो. ही दोन पात्यांची चौकट. उंचवटा कापते, खड्ड्यात भरते. चालवायला सोपी, डोकं लागत नाही. पण रस्त्यावर आहे तोच माल फिरवते, दुसरीकडचा उचलून आणत नाही. आणि ही पेटी. मागे पातं, दोन्ही बाजूंना भिंती, पुढे दात. दात खाली सोडले की कडक झालेला थर उकरतात. माल पेटीत साठतो, न्याल तिथे जातो."

"खड्डे नुसते भरले तर नाही चालणार?" बारकीने विचारलं.

"भरा की. पुढच्या पावसात भरलेलं वाहून जाईल. खड्डा तळापर्यंत उकरल्याशिवाय खडी धरत नाही."

"आधी ब्लेड लावून दाखवा," थोरला म्हणाला.

ब्लेड जोडलं. थोरला स्वतः ट्रॅक्टरवर चढला, वर मधलीच्या दारापर्यंत गेला, तिथे ब्लेड खाली सोडलं आणि हळूहळू उतरत आला. अंगणात पोचल्यावर त्याने ब्लेड उचललं. शेडच्या बाजूला खडी-मातीचा छोटा ढीग पडला. तो पुन्हा रिकाम्या ब्लेडने वर जायला लागला तसं दुकानाच्या माणसाने हात वर केला.

"थांबा, थांबा. तुम्ही दरवेळी असंच ओढता?"

"असंच म्हणजे?"

"वरून खाली."

"मग? वरूनच ओढतात," थोरला म्हणाला. बारकी आणि मधलीनेही माना डोलावल्या. यात विचारण्यासारखं काय आहे हे कुणालाच कळेना.

"खालून वर कधीच नाही?"

"आबांचा पहिला ट्रॅक्टर कमी ताकदीचा होता," बारकीने खुलासा केला. "ब्लेड लावून चढ चढायचाच नाही. म्हणून ते रिकामा वर न्यायचे आणि ओढत खाली आणायचे. तीच सवय."

"तो ट्रॅक्टर कधी विकला?"

"झाली की पंचवीस वर्षं."

दुकानाच्या माणसाने तोंडातली काडी काढली. त्याने आधी वरच्या उघड्याबोडक्या चढाकडे पाहिलं, मग पायाखालच्या सपाट अंगणाकडे. "राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुम्ही इतकी वर्षं वरच्या घराची खडी खालच्या घराला आणून घातलीत."

बारकी अंगणाच्या कडेला गेली. शेडची जुनी पायरी तिला आठवत होती. लहानपणी ती त्या पायरीवर बसली की पाय जमिनीला टेकत नसत. आता पायरी जमिनीत बुडाली होती, वरची कड तेवढी दिसत होती. एवढी वर्षं येते-जाते, बस लावते, आणि हे डोळ्यांना दिसलं नाही याची तिला लाज वाटली.

"दादा," ती म्हणाली, "मी मत बदललं. पेटी घेऊ."

"एका फटक्यात? बाहेरचा माणूस येऊन काहीतरी बोलतो आणि तू—"

"पायरी बघ तुझी."

"पावसाने येते खडी! उतार आहे, खालीच येणार ना!"

"पावसाची खडी गटारात जाते, साहेब," दुकानाचा माणूस म्हणाला. "अशी अंगणभर पसरून बसत नाही. ते जाऊ द्या. पेटी लावतो. पण वर माल नाहीये, नुसती माती आहे. पेटी भरून न्यायला माल इथनंच घ्यावा लागेल." त्याने टाचेने अंगणात ठोकलं. "इथे बख्खळ आहे."

"अंगण उकरायचं नाही."

थोरल्याचा आवाज इतका चढला की मोठी दारात आली.

"का?" मधलीने विचारलं. सकाळपासून ती पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलत होती. "माझ्याच दारची खडी आहे म्हणतात हे. दोन पेट्या परत नेल्या तर काय होईल?"

"शेडचा पाया उघडा पडेल."

"पायाच्या बाजूला नको. तिथे, मध्ये."

"सांगितलं ना, नाही! माझं अंगण आहे!"

"ट्रॅक्टर तिघांचा आहे," बारकी म्हणाली. "दोघी हो म्हणतोय. काका, लावा पेटी."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. बारकीने त्याचं ते बघणं पाहिलं. हा माणूस चिडलेला नव्हता. घाबरलेला होता.

"अगं, सांग ना यांना," तो बायकोला म्हणाला.

मोठी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

दुकानाच्या माणसाला घरातल्या भानगडीशी देणंघेणं नव्हतं. त्याने पेटी जोडली, वरचा दांडा आखडून पेटी पुढे कलती केली आणि दात खाली सोडले. बारकी ट्रॅक्टरवर चढली. पहिल्या ओढीला वरचा घट्ट मुरूम ढेकळांनी निघाला. दुसऱ्या ओढीला करडी खडी आली. तिसऱ्या ओढीला दात कशावर तरी करकरले आणि पेटीत निळे दगड उलटेपालटे होऊ लागले.

बारकीने ट्रॅक्टर थांबवला.

निळसर, धारदार, सुपारीएवढे दगड. रस्त्यावर अशी खडी कुठेच नव्हती. अकरा वर्षांत कुणी पाहिली नव्हती. मधली चरीत उतरली. तिने एक दगड उचलला, पदराने पुसला, मग दुसरा उचलला. वितीएवढा जाड थर होता, दोन गाड्यांचा. आणि त्याच्यावर मुरूम नीट पसरून, पाणी मारून, चोपून बसवलेला होता.

"त्याने टाकली होती," मधली म्हणाली.

थोरला पायरीवर बसला होता. आपण आता बोलायला हवं हे त्याला कळत होतं आणि इतकी वर्षं मनात घोकून ठेवलेलं एकही वाक्य त्याला सापडत नव्हतं. त्या दिवशी तो नेहमीसारखाच वरून रस्ता ओढत आला होता. खडी नवी, सुटी, दबलेली नव्हती. सगळी ब्लेडबरोबर आली. भाऊ परगावी गेला होता. संध्याकाळ झाली होती, थोरल्याला वाटलं, तो आला की सांगू, फावड्याने परत नेऊन टाकू. उद्या-परवा करत तीन दिवस गेले, आणि भाऊ रात्री अंधारात परत आला.

"मला कुठे माहीत होतं तो पडेल," तो म्हणाला. "शपथ घेऊन सांगतो, मी मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम केलं असं मी म्हटलंच नाही," मधली शांतपणे म्हणाली. "यावर मुरूम कुणी घातला?"

मधलीने पुन्हा विचारलं.

"दादा, मुरूम कुणी घातला? तो गेल्यावर घातला ना? आम्ही वर घरात रडत होतो तेव्हा?"

"लोक यायचे होते भेटायला," थोरला म्हणाला. "ढीग दिसला असता. मी घाबरलो होतो गं. आणि मग कुणीतरी विचारलं, वळणावर खडी का नव्हती, आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. एकदा निघाल्यावर परत कसं घेणार?"

"थापा मारत होता म्हणालास तू," बारकी ट्रॅक्टरवरूनच ओरडली. "माझ्या मुलांना मी सांगत आले, मामा आळसाने गेला! माझ्या सख्ख्या भावाबद्दल!"

थोरल्याने चेहरा हातांत लपवला. तो रडत होता. कुणी त्याच्याजवळ गेलं नाही. त्याची बायकोसुद्धा नाही.

मधलीचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. ती चरीतून मोठीकडे बघत होती. थोरल्याकडून तिला कधी कसली अपेक्षा नव्हती, त्यामुळे तिथे तुटण्यासारखंही काही नव्हतं.

"ताई," ती म्हणाली. "एवढं अंगण एकट्याने चोपून होत नाही."

मोठीने बोटाचा पदर सोडला. "पाणी मी मारलं," ती म्हणाली.

दुकानाच्या माणसाने घसा खाकरला. "पेटी ठेवू ना मग?"

"ठेवा," बारकी म्हणाली. "आणि चालवायची कशी ते आम्हा दोघींना शिकवून जा. दादा यापुढे ट्रॅक्टरला हात लावणार नाही."

पुढचे तीन दिवस त्या रस्त्यावर ट्रॅक्टर फक्त खालून वर ओढत गेला. मधली तासाभरातच पेटी चालवायला शिकली. मातीकामाचा हात होता तो, किती दाब द्यायचा हे त्याला सांगावं लागलं नाही. आधी दातांनी खड्डे तळापर्यंत उकरले, मग पेटी भरभरून खडी नेली. रस्त्याचा मध्य उंच आणि दोन्ही कडा उतरत्या ठेवल्या, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूला जाईल. निळी खडी तिने सगळी वळणावर टाकली आणि ट्रॅक्टर पुढे-मागे नेऊन ती दाबली. खाली अंगण हातभर खचलं. शेडची पायरी पुन्हा उघडी पडली. थोरला घरातून बाहेर आला नाही. शुक्रवारी बारकीने सगळ्या नातेवाइकांना फोन करून एकच वाक्य सांगितलं, खडी टाकलेली होती. ज्यांनी पुढे विचारलं त्यांना पुढचंही सांगितलं.

शनिवारी सकाळी ट्रक वर गेला आणि भट्टीच्या दाराला लागला. खोकी भरून तो उतरला तेव्हा मधली मागोमाग हमरस्त्यापर्यंत चालत आली. ड्रायव्हरने दोन खोकी उघडून दाखवली. एकाही कपाला चीर नव्हती. पुढच्या महिन्याची मागणी त्याने तिथेच उभ्या उभ्या लिहून दिली.

संध्याकाळी मोठी डबा घेऊन वर गेली. चार दिवस तिने स्वतःला थोपवलं होतं. मधली भट्टीपुढे बसून रिकाम्या फळ्या पुसत होती. ती उठली नाही.

"मला बोलू दे," मोठी म्हणाली. "एकदाच बोलू दे, मग तुला काय करायचं ते कर. त्यांनी शपथ घातली होती. घर मोडेल म्हणाले. मी दरवेळी चढताना ठरवायचे की आज सांगेन."

"आठवतंय मला, कशी चढायचीस," मधली म्हणाली. "मी त्याला शिव्या घालायचे. बाहेर कुणाजवळ नाही, फक्त तुझ्याजवळ. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून. मेला खोटं बोलला माझ्याशी, दोन गाड्या टाकल्या म्हणाला, जाताना शेवटचं बोलला तेही खोटंच, असं म्हणायचे मी. आठवतं?"

"आठवतं."

"तू माझ्या केसांतून हात फिरवायचीस."

मोठी रडायला लागली. तिने डबा पायरीवर ठेवला. "काय करू सांग. मी काय करू म्हणजे—"

"अकरा वर्षं मी माझ्या नवऱ्याला खोटा समजले, ताई. दादा म्हणाले म्हणून नाही. त्यांचं मी कधीच ऐकलं नसतं. तू गप्प होतीस म्हणून. मला वाटायचं, तसं काही नसतं तर ताई बोलली असती."

मोठी तशीच उभी राहिली. भट्टी थंड होताना आत कुठेतरी विटा कडकडत होत्या.

"तो डबा घेऊन जा," मधलीने फळी पुसत सांगितलं. "आणि तुम्ही आता वर येत जाऊ नका."

मोठीने डबा उचलला. उताराला लागल्यावर तिने सवयीने कडेचं झुडूप धरायला हात पुढे केला, मग मागे घेतला. रस्ता पक्का झाला होता, मध्ये उंच, कडेला उतरता. ती वळणावर आली, निळ्या खडीवरून हळूहळू चालत गेली आणि खाली घरी पोचली. एकदाही तिचा पाय घसरला नाही.